नितळ पाणी आणि अदृश्य जिवाणू

दर बारा वर्षांनी, गुरू सिंह राशीत असताना, उज्जैन येथे क्षिप्रेच्या तीरावर सिंहस्थ भरतो. २०१६ नंतरचा सिंहस्थ २०२८ मध्ये येत आहे. रामघाटावर स्नान करून भाविक तीर्थही प्राशन करतात. मात्र नितळ दिसणारे पाणी पिण्यास निर्धोक असतेच असे नाही. याचे कारण समजण्यासाठी जिवाणूंची ओळख करून घेणे आवश्यक आहे.

जिवाणू हा एकाच पेशीचा जीव होय. मनुष्याच्या पेशीत आनुवंशिक द्रव्य केंद्रकाच्या आवरणात असते. जिवाणूत असे आवरण नसते. म्हणून त्यास आदिकेंद्रकी जीव म्हणतात. उकळत्या झऱ्यांत व मिठागरांतही तग धरणारे आर्किया याच रचनेचे आहेत. हजार जिवाणू एका रांगेत ठेवले, तरी ती रांग एक-दोन मिलिमीटरचीच भरेल. अनुकूल उष्णता व अन्न मिळाल्यास काही जिवाणू वीस मिनिटांत दुभंगतात. या वेगाने सात तासांत एकाचे वीस लाखांहून अधिक होतात.

सर्वच जिवाणू अपायकारक नसतात. दुधाचे दही तेच करतात. माळव्यातील सोयाबीन व हरभरा यांच्या मुळांवरील गाठींत राहून ते हवेतील नत्र पिकास पुरवितात. परंतु पटकी व विषमज्वरही जिवाणूंमुळेच होतात. १८८४ साली रॉबर्ट कॉख यांना कलकत्त्यात पटकीचे जिवाणू रुग्णांप्रमाणेच तळ्याच्या पाण्यातही आढळले. रोग्याच्या विष्ठेतून पाण्यात व पाण्यातून निरोगी माणसाच्या पोटात, असा त्यांचा प्रवास असतो.

इंदूरचे सांडपाणी वाहून आणणारी खान नदी उज्जैनच्या वरच्या अंगास क्षिप्रेला मिळते. म्हणूनच नदीच्या पाण्याची तपासणी महत्त्वाची ठरते. पिण्याच्या पाण्याच्या १०० मिलिलिटर नमुन्यात ई. कोलाय हा आतड्यातील जिवाणू मुळीच आढळता कामा नये, असे भारतीय मानक आहे. तो आढळल्यास पाण्यात विष्ठा मिसळली आहे असे समजावे.

तुरटीने गाळ खाली बसतो; परंतु तेवढ्याने पाणी निर्जंतुक होत नाही. त्यासाठी पाण्यास खळखळून उकळी आल्यावर ते निदान एक मिनिट उकळू द्यावे, किंवा योग्य प्रमाणात क्लोरीन घालून अर्धा तास ठेवावे. उकळलेले पाणी झाकून ठेवावे व दांड्याच्या ओगराळ्यानेच घ्यावे. स्नानाचे पाणी व पिण्याचे पाणी वेगळे ठेवल्याने श्रद्धेस बाध येत नाही. मात्र घरातील मुलांचे प्राण वाचतात.