फोन आणि संगणक यांचा बिनतारी मेळ : बिघाड शोधण्याची रीत

आपल्या बहुतेक पेढ्यांवर आता कीर्द-खतावणी संगणकावर लिहिली जाते. मालाची बिले, गाडीच्या पावत्या आणि गिऱ्हाइकांनी सही केलेल्या उधारीच्या चिठ्ठ्या यांची छायाचित्रे मात्र फोनमध्ये साठत जातात. ती फोनमधून संगणकात नेण्याचे काम बिनतारी मार्गाने होऊ शकते, हे सर्वांस ठाऊक आहे. परंतु ऐन वेळी हा मार्ग अडला म्हणजे काय करावे, याविषयी आपणांत बराच गोंधळ दिसून येतो. प्रस्तुत लेखात तो गोंधळ दूर करण्याचा अल्पसा प्रयत्न केला आहे.

प्रारंभी एक घरचीच हकीकत सांगतो. बेळगावात आमचे भांड्यांचे दुकान आहे. एका वर्षी मार्चअखेरीस हिशेब पुरा करावयाचा होता, आणि खरेदीची सारी बिले फोनमध्ये होती. फोन व संगणक यांची जोडी जमल्याचे पडद्यावर दिसत होते, पण एकही बिल पलीकडे जाईना. पुतण्या तरुण व उतावळा. त्याने एकामागून एक पाच-सात गोष्टी बदलल्या. कशाने काय झाले हे त्यालाही कळेना. शेवटी फोन पुसून कोरा करावयास तो सिद्ध झाला. त्या चिठ्ठ्यांची दुसरी प्रत कोठेही नव्हती. तेव्हा आमचे वृद्ध मुनीमजी म्हणाले, “शेठजी, रोजमेळ जुळत नाही म्हणून आपण वही जाळीत नाही. एकेक रक्कम ताडून पाहतो.” त्यांना संगणकातील काही कळत नव्हते, पण रीत त्यांनीच सांगितली. त्या रीतीने पाहिल्यावर अर्ध्या तासात दोष सापडला. तो कोणता, हे पुढे येईलच.

ब्लूटूथ म्हणजे काय

फोन आणि संगणक यांना जवळच्या जवळ जोडणाऱ्या पद्धतीस ब्लूटूथ म्हणतात. स्वीडनमधील एरिक्सन कंपनीत 1994 च्या सुमारास या कामास आरंभ झाला. 1998 मध्ये एरिक्सन, नोकिया, आयबीएम, इंटेल व तोशिबा या पाच कंपन्यांनी एकत्र येऊन तिला सर्वमान्य रूप दिले. ब्लूटूथ या नावाचा शब्दशः अर्थ निळा दात असा आहे. ते दहाव्या शतकातील हाराल्ड या डॅनिश राजाच्या टोपणनावावरून आले आहे.

ही पद्धत 2.4 गिगाहर्ट्झच्या आसपासच्या रेडिओ लहरी वापरते. मूळ ब्लूटूथमध्ये या पट्ट्याचे 79 भाग पाडलेले असून, दोन्ही यंत्रे एका सेकंदात 1600 वेळा एका भागातून दुसऱ्या भागात उडी घेतात. एखादा भाग गजबजलेला असला तरी संभाषण चालू राहावे, हा त्यातील हेतू होय. अनेक वाय-फाय यंत्रे व स्वयंपाकघरातील मायक्रोवेव्ह भट्टीही याच पट्ट्यात असल्यामुळे गर्दी मात्र पुष्कळ असते.

पहिली पायरी : दोन्हीकडे यंत्र आहे काय?

प्रत्येक टेबलावरील संगणकात ब्लूटूथचे यंत्र असतेच असे नाही. नसल्यास बोटाच्या पेराएवढे यूएसबी उपकरण वेगळे घेऊन लावावे लागते. ते असेल तर ब्लूटूथ चालू आहे काय, आणि फोन अगर संगणक विमान-अवस्थेत, म्हणजे एअरप्लेन मोडमध्ये, राहिला नाही ना, हे पाहावे. संगणकाच्या सेटिंग्जमधून ब्लूटूथचे बटणच नाहीसे झाले असेल, तर डिव्हाइस मॅनेजर उघडून त्या उपकरणापुढे पिवळी खूण आहे काय ते पाहावे. खूण असल्यास त्याचा ड्रायव्हर पुन्हा बसवावा लागतो.

येथे एक बारीक गोष्ट ध्यानात ठेवावी. विंडोजचा संगणक बंद करून पुन्हा चालू करणे आणि ‘रीस्टार्ट’ करणे ही दोन्ही एकच नव्हेत. लवकर सुरू होता यावे म्हणून बंद करताना तो आपली पूर्वीची स्थिती अंशतः जपून ठेवतो. ‘रीस्टार्ट’मध्ये ती पुसली जाऊन सर्व काही नव्याने सुरू होते. म्हणून बिघाडाच्या वेळी ‘रीस्टार्ट’च करावे.

दुसरी पायरी : अंतर आणि आडोसा

फोनसारख्या उपकरणांचा पल्ला सामान्यतः दहा मीटरांच्या आसपास धरावा, तोही मोकळ्या जागेत. धातू या लहरींना परतवितो आणि मनुष्याचे शरीर त्या शोषून घेते. स्टीलच्या भांड्यांनी भरलेल्या मांडणीमागे संगणक असेल, तर चार पावलांवरूनही अडचण येते. हा आमच्या दुकानातील नेहमीचा अनुभव आहे.

दुसरा एक शत्रू सहसा कोणाच्या लक्षात येत नाही. यूएसबी 3 जातीची बाहेरील हार्ड डिस्क चालू असता तिच्या तारेतून व जोडणीतून याच 2.4 गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात गोंगाट उठतो. ब्लूटूथचे छोटे उपकरण तिच्या शेजारीच खोचलेले असेल तर ते दुसऱ्या बाजूस लावावे, किंवा हातभर वाढीव तारेने दूर न्यावे.

तिसरी पायरी : दोन्ही वह्यांतील नोंद

जोडी जमविताना दोन्ही पडद्यांवर सहा आकड्यांची एकच संख्या दिसते. ती जुळते असे पाहूनच दोन्हीकडे संमती द्यावी. त्या क्षणी एक गुप्त किल्ली तयार होऊन दोन्ही यंत्रांत साठविली जाते. व्यवहाराची नोंद देणाऱ्याच्या व घेणाऱ्याच्या अशा दोन्ही वह्यांत व्हावी, तसाच हा प्रकार आहे. आता एकाच बाजूची नोंद खोडली तर काय होईल? संगणक जुनी किल्ली पुढे करील, आणि फोन ओळख देणार नाही. आमच्या पुतण्याने नेमके हेच केले होते. फोनमधून जोडी काढून टाकली, पण संगणकातील नोंद तशीच राहिली. उपाय सोपा आहे. दोन्हीकडील नोंद काढावी आणि जोडी आरंभापासून जमवावी.

आपण स्वतः मागणी केली नसता अशी संख्या पडद्यावर आली, तर ती कधीही स्वीकारू नये. बाजारपेठेत शेजारच्या दहा दुकानांतील फोन आवाक्यात असतात. काम होताच ब्लूटूथ बंद करण्याची सवय हितावह होय.

चौथी पायरी : घेणारा तयार आहे काय?

आता आमच्या दुकानातील मूळ दोषाकडे येऊ. जोडी नव्याने जमली, संख्या जुळली, तरी बिले जाईनातच. फोनवर क्षणभर ‘कनेक्टेड’ व पुन्हा ‘पेअर्ड’ असे दिसे. हा बिघाड समजून आम्ही हैराण झालो. वस्तुतः तो बिघाडच नव्हता. फाईल धाडण्याच्या कामी ही जोडणी सतत चालू राहत नाही, कामापुरती उघडते व मिटते.

खरी गोष्ट अशी की, विंडोजचा संगणक ब्लूटूथवरून आलेली फाईल आपण होऊन घेत नाही. ब्लूटूथच्या सेटिंग्जमधून फाईल पाठविण्या-घेण्याची खिडकी उघडून, त्यात ‘रिसीव्ह फाइल्स’ निवडून त्याला वाट पाहत ठेवावे लागते. त्यानंतरच फोनवरून फाईल धाडावी. माल दारात आला तरी गोदाम उघडून कोणी उभे नसेल, तर गाडीवाला काय करणार? त्या रात्री ती खिडकी उघडली आणि पहिले बिल लगेच पलीकडे उतरले.

ही गोष्ट अँड्रॉइड फोनांची आहे. आयफोन या मार्गाने विंडोजच्या संगणकास छायाचित्रे देत नाही. आयफोन बाळगणाऱ्यांनी त्यात वेळ न दवडता तार किंवा वाय-फाय वापरावे.

मार्ग बदलण्याचा विवेक

ब्लूटूथ संथ आहे. या मार्गाने सेकंदास सुमारे दोन मेगाबिट जातात असे धरले, तर पाच मेगाबाइटच्या एका छायाचित्रास वीस सेकंद लागतील, आणि शंभर छायाचित्रांस अर्ध्या तासाहून अधिक. दोन-चार बिलांसाठी हा मार्ग ठीक. वर्षाचा गठ्ठा न्यावयाचा असेल तर वाय-फाय बरे.

वाय-फायवर फोन आणि संगणक एकमेकांस दिसत नसतील, तर तीन गोष्टी तपासाव्या. पहिली, दोन्ही एकाच जाळ्यावर आहेत काय? पाहुण्यांसाठी ठेवलेल्या जाळ्यावर उपकरणांना एकमेकांपासून बहुधा वेगळे ठेवलेले असते. दुसरी, संगणकास मिळालेला पत्ता 169.254 या आकड्यांनी सुरू होतो काय? तसे असल्यास राउटरने त्यास पत्ता दिलेलाच नाही असे समजावे आणि राउटर बंद करून पुन्हा चालू करावा. तिसरी, विंडोजने ते जाळे ‘पब्लिक’ म्हणून नोंदले आहे काय? आपल्या स्वतःच्या दुकानातील जाळे ‘प्रायव्हेट’ केल्यावर अडथळा पुष्कळदा दूर होतो. परके जाळे मात्र ‘पब्लिक’च ठेवावे.

एवढे करूनही यश न आले तर साधी यूएसबी तार आहेच. अँड्रॉइड फोन जोडताच बहुधा नुसता चार्ज होऊ लागतो. त्याच्या पडद्यावरील सूचनेतून ‘फाईल ट्रान्सफर’ निवडले म्हणजे संगणकास आतील छायाचित्रे दिसू लागतात. तार वापरण्यात कमीपणा मुळीच नाही.

सारांश

एका वेळी एकच गोष्ट बदलावी, आणि तिचा परिणाम पाहून मगच दुसरीस हात घालावा. काय केले ते कागदावर टिपून ठेवावे. जे पुसल्यावर परत येत नाही, त्यास दुसरी प्रत झाल्याखेरीज हात लावू नये. फोन कोरा करणे हा तर अगदी अखेरचा उपाय. त्या रात्री मुनीमजींनी थांबविले नसते तर आमच्या कित्येक गिऱ्हाइकांची उधारी केवळ त्यांच्या व आमच्या स्मरणावर राहिली असती.

यंत्रे नवी आली तरी हिशेब ताडून पाहण्याची जुनी शिस्त आपल्या पेढ्यांवर पिढ्यानपिढ्या चालत आली आहे. तीच येथेही उपयोगी पडते. दुकानातील तरुण मंडळींनी ही पाने एकदा वडीलधाऱ्यांसमवेत बसून वाचावी आणि एखाद्या निवांत दुपारी चारही पायऱ्या हाताने करून पाहाव्या, एवढीच विनंती.