पावसाचें पिंप व त्याची निगा

सन २०१६ मध्यें शेजारच्या लातुरास मिरजेहून आगगाडीनें पाणी आणावें लागलें, हें धाराशिवकर विसरले नसतील. तरीही छपरावरचें पाणी आपण वाहूं देतों. शंभर चौरस फूट पत्र्यावर एक इंच पाऊस म्हणजे हिशेबानें २३६ लिटर; गळती वजा जातां २०० लिटरांचें पिंप भरतें.

पहिल्या सरीचें पाणी सोडून द्यावें. तोंडास दुहेरी फडकें व घट्ट झांकण असावें. फट राहिल्यास आठदहा दिवसांत डांस होतात. पिंप रितें होतांच आंतून घासून वाळवावें. पिण्याचें पाणी उकळूनच घ्यावें.

एका पिंपानें दुष्काळ हटत नाहीं. परंतु उघडिपींत दहाबारा घागरींची पायपीट वाचते. व्यापारी व जमीनदार मंडळींनीं प्रत्येकीं एका निर्धन घराच्या पन्हळीचा व पिंपाचा खर्च उचलावा, अशी आमची नम्र विनंती आहे.