शोकाची वचने कशी वाचावीत?



घरातील माणूस गेले की आपण ‘लिंगैक्य झाले’ असे म्हणतो. जनन, मरण, रज, उच्छिष्ट आणि जाती ही पाचही सूतके शरणांनी नाकारली. हे तत्त्व थोर आहे. परंतु काही मंडळी त्यातून असा अर्थ काढतात की, खऱ्या भक्ताने रडू नये. रडला तर त्याची श्रद्धा कच्ची. हा अर्थ बरोबर आहे काय? शिवशरणी नीलांबिकेच्या वचनांच्या आधारे आज याचा विचार करू.

आधी प्रसंग ध्यानी घ्यावा. इ. स. ११६७ च्या सुमारास कल्याणात हरळय्या व मधुवरस यांना देहदंड झाला. त्यांनी आपल्या मुलामुलीचा जातीबाहेरचा विवाह केला, एवढाच त्यांचा अपराध. पुढे राजा बिज्जळाची हत्या झाली, शरणांची पांगापांग झाली. महात्मा बसवेश्वर कल्याण सोडून कृष्णा-मलप्रभेच्या संगमावर, कुडलसंगमास गेले. परंपरा सांगते की, त्यांनी पत्नी नीलांबिकेस आणण्यासाठी हडपद अप्पण्णास पाठविले. ती येत असता वाटेतच, कृष्णाकाठी तंगडगी येथे, बसवेश्वर ऐक्य झाल्याची वार्ता तिला कळली. शेवटची भेट झालीच नाही.

आता तिची वचने वाचताना तीन गोष्टी पाहाव्यात.

पहिली गोष्ट, काय हरवले? बसव गेला, त्याबरोबर आपले नाव, रूप आणि आधारही गेला, हा भाव तिच्या वचनांत वारंवार येतो. तो तिने झाकला नाही. बसवेश्वरांच्या घरातील, अनुभवमंटपाच्या सहवासात वाढलेली ही शरणी दुःख उघडपणे बोलते. तेव्हा शोक करणे म्हणजे श्रद्धा ढळणे, असे म्हणता येत नाही.

दुसरी गोष्ट, हे कोणाला सांगितले? वचनाच्या शेवटी अंकित असते, म्हणजे वचनकाराच्या उपास्य देवतेची नाममुद्रा. नीलांबिकेचे अंकित ‘संगय्या’ हे आहे. सारी व्यथा मांडून झाल्यावर ती त्याचे नाव घेते. निराश मनुष्य बोलणेच सोडतो, कारण ऐकणारा कोणी उरला नाही असे त्याला वाटते. नीलांबिका मात्र रडते तीही संगय्यापाशी. म्हणून अंकित ही नुसती सही समजू नये. वचनातील श्रद्धा तेथेच दिसते.

तिसरी गोष्ट, दुःखाचे शब्द पुढे कोठे जातात? रूप नसणे, आधार नसणे ही सामान्य माणसाची दैन्यावस्था. पण शरणांच्या परिभाषेत निराकार, निरालंब हीच परमतत्त्वाची नावे आहेत. भक्तस्थलापासून निघालेला साधक षट्स्थलाच्या शेवटी, ऐक्यस्थलात, तेथेच पोहोचतो. नीलांबिकेच्या वचनांतही रितेपणाचे बोल हळूहळू अनुभवाचे बोल होतात. मात्र क्रम विसरू नये. आधी हानी, मग अनुभव. दुसऱ्याच्या दुःखावर घाईने तत्त्वज्ञान लादणे हा वचनाचा मार्ग नव्हे.

गाव सोडून पोटासाठी दूर गेलेल्यांना हा विचार विशेष उपयोगी आहे. सुरतेजवळचे कडोदरा पाहा. सुरत-बारडोली रस्ता मुंबई-अहमदाबाद महामार्गास छेदतो, तेथील हे कारखान्यांचे गाव. परप्रांतांतून आलेले हजारो कामगार येथील मिलमध्ये राबतात. त्यांत मराठी कुटुंबेही आहेत. दि. १८ ऑक्टोबर २०२१ रोजी पहाटे येथील एका पॅकेजिंग कारखान्यास आग लागली. शंभराहून अधिक जणांची सुटका झाली, पण दोन कामगार प्राणास मुकले. अशा ठिकाणी मरण आले तर गावची रुद्रभूमी दूर, आप्त दूर, आणि मागे राहिलेल्यांना पुन्हा पाळीवर जाणे भाग. नीलांबिकेसारखीच शेवटची भेट चुकलेले कितीतरी लोक आपल्यात आहेत. त्यांना ‘रडू नका’ असे सांगून आपण काय साधतो? सूतक नाही, याचा अर्थ विटाळ नाही. शोक नाही, असा त्याचा अर्थ नव्हे. उलट, विटाळ नाही म्हणूनच शोकाकुल माणूस त्याच दिवशी इष्टलिंग हाती घेऊन पूजेला बसू शकतो. रडत्या डोळ्यांना तेथे बंदी नाही. शरणांनी दिलेला हा केवढा मोठा आधार!

या महिन्याचा अभ्यास असा : रात्री इष्टलिंग करतली घेऊन बसावे. मनातील दुःख आपल्याच साध्या भाषेत, काही न लपविता सांगावे. शेवटी देवाचे नाव घ्यावे. शेजारच्या घरी दुःख झाले असेल तर उपदेश न करता जवळ बसावे, ऐकावे. त्यानंतर नीलांबिकेची वचने पुन्हा वाचावीत. ती पूर्वीपेक्षा अधिक उमगतील.

शरणु शरणार्थी.