कल्याणची क्रांती : मध्ययुग ओलांडणे म्हणजे काय?
(अभ्यासपाठ)



मागील पाठात आपण कायक आणि दासोह या दोन तत्त्वांचा विचार केला. आज एका शब्दाचा विचार करावयाचा आहे. तो शब्द म्हणजे ‘क्रांती’. बसवजयंतीच्या प्रत्येक व्यासपीठावरून ‘कल्याणची क्रांती’ असा उल्लेख होतो आणि टाळ्या पडतात. पण बाराव्या शतकात कल्याणात जे घडले त्याला क्रांती का म्हणावयाचे, आणि ती क्रांती झाली असेल तर आपला समाज त्याच वेळी मध्ययुगातून बाहेर का पडला नाही, हा प्रश्न अभ्यासकाने टाळू नये. श्रद्धा दृढ असेल तर तिला प्रश्नाचे भय नसते.

१) शब्दाचा अर्थ

‘क्रांती’ हा शब्द ‘क्रम्’ या धातूपासून आला. त्याचा अर्थ पाऊल टाकणे, ओलांडणे. सूर्य एका राशीतून दुसऱ्या राशीत जातो तेव्हा आपण संक्रांत म्हणतो. युरोपीय भाषांतील ‘रिव्होल्यूशन’ या शब्दाचा मूळ अर्थ मात्र फिरून पूर्वस्थानी येणे असा होता. १५४३ साली कोपर्निकसचा ग्रंथ निघाला, त्याच्या नावात हा शब्द ग्रहगोलांच्या फिरण्यासाठीच आहे. १७८९ च्या फ्रेंच उठावानंतर मात्र ‘मागे परतता येणार नाही असा समूळ बदल’ हा अर्थ जगभर रूढ झाला.

म्हणून राजा बदलणे ही क्रांती नव्हे. कल्याणचेच उदाहरण घ्या. चालुक्यांचा मांडलिक असलेल्या कलचुरी बिज्जळाने ११६० च्या सुमारास कल्याण बळकावले. ११६७ च्या सुमारास त्याचा वध झाला. पुढे वीस वर्षांच्या आत चालुक्य परत आले, आणि त्यांच्यानंतर तो मुलूख देवगिरीचे यादव व होयसळ यांच्यात वाटला गेला. एका माणसाच्या हयातीत इतके धनी बदलले. पण गावातल्या चांभाराचे, परटाचे, नावाड्याचे काय बदलले? त्यांचे स्थान होते तेथेच राहिले. सिंहासनावरचे पालट क्रांती नव्हते. क्रांती शोधावयाची तर ती त्याच नगरातील अनुभवमंटपात शोधावी लागते.

२) मध्ययुगाची खूण

मध्ययुगीन समाजाची खूण कोणती? तलवारी आणि किल्ले ही वरवरची चिन्हे झाली. खरी खूण अशी की ‘तू कोण?’ या प्रश्नाचे उत्तर माणसाच्या जन्माआधीच ठरलेले असते. आपल्याकडील बलुतेदारी पाहा. सुताराने नांगर करावा, परटाने धुणे धुवावे, न्हाव्याने हजामत करावी आणि खळ्यावर धान्याचा ठरलेला वाटा घ्यावा. या व्यवस्थेत पोटाची हमी होती, हे मान्य केले पाहिजे. पण काम निवडण्याचा अधिकार नव्हता आणि सोडण्याचाही नव्हता. वतन हा एकाच वेळी आधारही होता आणि बेडीही होती. फ्रान्समध्येही धर्मगुरू, सरदार आणि उरलेली सारी प्रजा असे तीन वर्ग होते. पहिल्या दोघांना करांतून मोठी सूट होती आणि भार तिसऱ्यावर होता. रूप निराळे, तत्त्व तेच.

आता कायकाचे तत्त्व याच्या शेजारी ठेवा. मडिवाळ माचय्या धुणे धूत, अंबिगर चौडय्या नाव चालवीत, आय्दक्की मारय्या सांडलेले तांदूळ वेचीत. ही कामे शरणांनी सोडली नाहीत. पण त्यांचा अर्थ त्यांनी बदलला. काम हीच पूजा ठरल्यावर उच्च काम आणि नीच काम हा भेद उरत नाही. इष्टलिंग प्रत्येकाच्या तळहातावर आल्यावर देव आणि भक्त यांच्यामधला मध्यस्थ उरत नाही. आणि ज्या काळी स्त्रीला शास्त्रचर्चेचा अधिकार नव्हता, त्या काळी अक्कमहादेवींसह तीसहून अधिक शरणींची वचने आपल्यापर्यंत पोहोचली आहेत. ‘तू कोण?’ या प्रश्नाचे उत्तर जन्माने नव्हे तर आचरणाने द्यावयाचे, हे पाऊल तेथे पडले. ‘क्रम्’ धातूच्या नेमक्या अर्थाने ही क्रांती होय.

३) एक विवाह

या पावलाची किंमत किती होती हे परंपरेने जतन केलेल्या एका कथेतून कळते. हरळय्या हे चांभार, मधुवरस हे जन्माने ब्राह्मण. दोघेही शरण झाले होते. मधुवरसांची कन्या हरळय्यांच्या पुत्रास दिली गेली. शरणांच्या दृष्टीने दोन शिवभक्त घरांचा हा सोयरसंबंध होता, कारण दीक्षेनंतर पूर्वीची जात उरत नाही. राजसत्तेच्या दृष्टीने मात्र तो वर्णसंकर होता. दोन्ही पित्यांना मृत्युदंड झाला. नगरात हलकल्लोळ माजला, बिज्जळाचा वध झाला आणि शरणांना कल्याण सोडावे लागले. बसवण्णा कूडलसंगमाकडे गेले, चन्नबसवण्णा व अनेक शरण उळवीच्या अरण्याकडे गेले.

एकत्र बसून चर्चा केली तोवर सत्तेने सहन केले, विवाह होताच शस्त्र उपसले, हे ध्यानात घ्या. जन्मावर उभा असलेला समाज सोयरिकीच्या दाराशीच आपला पहारा ठेवतो.

४) मग आधुनिक समाज तेव्हाच का आला नाही?

याचे उत्तर असे की विचार ओलांडून गेला, पण व्यवस्था होती तेथेच राहिली. जमीन कोणाची, न्याय कोणाच्या हाती, उत्पादन कसे होणार, यांत फरक पडला नव्हता. वचने ताडपत्रांवर लिहिली जात. एक प्रत करावयास लेखकाचे कष्ट आणि दिवस लागत. नवा विचार सांभाळील असा कायदा नव्हता, शाळा नव्हती, छापखाना नव्हता. पंधराव्या शतकात विजयनगरच्या छायेत विरक्तांनी वचने पुन्हा संकलित केली, शून्यसंपादनेसारखे ग्रंथ सिद्ध झाले. विचार जगला. पण तोवर ज्या नावांनी कायक सांगितले जात होते, त्यांतील अनेक नावांच्या पोटजाती होऊन बसल्या होत्या. मडिवाळ, हडपद ही नावे कायकाची होती. ती पुन्हा जन्माची झाली. हा दोष बिज्जळाच्या माथी मारता येणार नाही. तो आपल्याच घरात घडला.

फ्रान्सचा क्रम याच्या उलट होता. ४ ऑगस्ट १७८९ च्या रात्री तेथील राष्ट्रसभेने सरदारांचे विशेषाधिकार रद्द केले आणि २६ ऑगस्टला मानवी हक्कांचा जाहीरनामा स्वीकारला. तेथे प्रथम व्यवस्थेवर घाव पडला. म्हणून १८०४ मध्ये नेपोलियन सम्राट झाला, १८१४ मध्ये जुने राजघराणे परतले, तरी जुनी सरंजामशाही परतली नाही. पण अंतःकरण तेथेही पुरते ओलांडले गेले नव्हते. वसाहतींतील गुलामगिरी १७९४ मध्ये रद्द झाली, ती १८०२ मध्ये पुन्हा आणली गेली. स्त्रियांच्या हक्कांचा जाहीरनामा लिहिणाऱ्या ओलँप द गूज यांना १७९३ मध्ये गिलोटिनवर चढवले, आणि फ्रेंच स्त्रीला मताधिकार मिळण्यास १९४४ उजाडले.

तात्पर्य, क्रांतीला दोन पावले लागतात. एक अंतःकरणाचे, दुसरे व्यवस्थेचे. एकच पाऊल पुढे पडले तर माणूस उंबरठ्यावर अडकून राहतो.

५) दुसरे पाऊल

आपल्याकडे दुसरे पाऊल फार उशिरा पडले. विजापूरचे वकील फ. गु. हळकट्टी यांनी गावोगावच्या पोथ्या गोळा करून १९२३ मध्ये ‘वचनशास्त्रसार’ छापले. छापखान्यासाठी त्यांनी स्वतःचे घर विकले. अनेक घरांत ज्या पोथ्या केवळ पूजेत होत्या त्या वाचनात आल्या. डॉ. आंबेडकरांनी १९२८ मध्ये मुंबई विधिमंडळात वतन कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक मांडले. कनिष्ठ गावकामगारांची वतने प्रत्यक्ष रद्द करणारा कायदा मुंबई राज्यात १९५८ मध्ये झाला, आणि तोवर म्हैसूर राज्यात गेलेल्या बेळगावच्या बाजूस तसाच कायदा १९६१ मध्ये झाला. कल्याण ज्या निजामी राज्यात होते तेथील जहागिरी १९४९ मध्ये संपल्या. त्याच १९४९ साली हिंदू विवाह वैधता कायद्याने जातीच्या भिन्नतेमुळे कोणताही विवाह अवैध ठरणार नाही असे ठरवले. २६ जानेवारी १९५० पासून संविधानाच्या १७ व्या अनुच्छेदाने अस्पृश्यता नष्ट झाली.

ज्या सोयरिकीसाठी दोन पित्यांनी प्राण दिले, तिला देशाच्या कायद्याचे संरक्षण मिळण्यास सुमारे पावणेआठशे वर्षे लागली.

६) आपले काय?

मागे एका वधूवर मेळाव्यात प्रस्तुत लेखकास नावनोंदणीच्या कामास बसावे लागले. अर्जात ‘पोटजात’ हा रकाना होता. एका तरुणाने तो कोरा ठेवला. वडील शेजारीच उभे होते. ते म्हणाले, “अहो, तेवढे लिहून घ्या, नाहीतर स्थळे येणार नाहीत.” मी लिहून घेतले. त्या दिवशी संध्याकाळी इष्टलिंगपूजेला बसलो तेव्हा मन लागले नाही. कायद्याने दार उघडले आहे, राजाचा हत्ती आता येणार नाही, तरी त्या दाराशी मीच पहारा दिला होता.

बाराव्या शतकात अंतःकरण पुढे होते आणि व्यवस्था मागे होती. आज व्यवस्था पुढे गेली आहे आणि अंतःकरण मागे रेंगाळते आहे. म्हणून कल्याणची क्रांती ही होऊन गेलेली घटना समजून केवळ तिची जयंती करणे पुरेसे नाही. तो रकाना कोरा ठेवण्याचे धैर्य आपल्या मुलांना येत असेल, तर आपण निदान लेखणी आवरावी.

मननासाठी प्रश्न
१. राज्यबदल आणि क्रांती यांत कोणता भेद आहे?
२. वतन आणि कायक यांत काम एकच असूनही अर्थ कसा बदलतो?
३. आपल्या घरातील मागील तीन पिढ्यांच्या सोयरिकी आठवा. त्यांत हरळय्या-मधुवरसांचे स्मरण कोठे दिसते काय?

शरणु शरणार्थी.