निकालाचा कागद कसा वाचावा

ट्रस्टच्या महोत्सवी स्मरणिकेसाठी विद्यार्थ्यांच्या उपयोगाचे काही लिहून द्यावे, अशी चिटणीससाहेबांची आज्ञा झाली. आम्ही पेशाने शाळामास्तर, आणि विषय आमचा इतिहास. जमाखर्चाशी आमचा संबंध महिन्याच्या पगारापुरता. तरीही आज आम्ही चार्टर्ड अकौंटंटच्या, म्हणजे सी. ए.च्या परीक्षेवर लिहीत आहोत. तयारी कशी करावी हे सांगणारे पुष्कळ आहेत, व त्यांची फीही पुष्कळ आहे. त्यात आम्ही पडत नाही. निकाल हाती आला म्हणजे तो वाचावा कसा, एवढाच आमचा विषय. तो आम्हांस आमच्याच एका चुकीने शिकविला, म्हणून लिहिण्याचे धाडस करतो.

सुरतेतील मराठी वस्तीचा मोठा भाग खानदेशातून आलेला आहे. ताप्ती व्हॅली रेल्वेची वाट धरून जळगाव, धुळे, नंदुरबारकडील माणसे आली आणि उधना, लिंबायत, पांडेसरा, डिंडोली या भागांत राहिली. कोणी लूमवर लागले, कोणी डाइंग मिलमध्ये, कोणी रिंगरोडच्या कापडबाजारात. त्यांची मुले शिकली, बी. कॉम. झाली, आणि बाजारातील एखाद्या दुकानी नोंदी करता करता त्यांनी सी. ए.चा मान पाहिला. १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर लागू झाला, तेव्हा येथील कापडबाजाराने दुकाने बंद ठेवून विरोध केला. पुढे दुकाने उघडली. हिशेबाचे काम मात्र वाढले ते वाढलेच. तेव्हा आमच्या मुलांचा ओढा इकडे व्हावा यात नवल नाही.

इतिहासाच्या शिक्षकाने थोडे मागे जावे, हे वाचक सहन करतील. सतराव्या शतकाच्या आरंभी इंग्रजांनी या शहरात वखार घातली तेव्हा येथील सावकारांच्या वह्या जुन्या झालेल्या होत्या. परंतु दुसऱ्याचा हिशेब तपासून त्याखाली सही करण्याचा जो स्वतंत्र धंदा, तो आपल्याकडे कंपनी कायद्याने आणला. १९१३ च्या कायद्याने तपासनिसास सरकारी दाखला हवा असे ठरविले, १९१८ साली मुंबई सरकारने हिशेबशास्त्राची पदविका सुरू केली, आणि १९३२ पासून अखिल हिंदुस्थानासाठी नोंदणीची पद्धत आली. मद्रासच्या आर. शिवभोगम या १९३३ साली ती पदविका मिळवून या धंद्यातील पहिल्या महिला ठरल्या. पुढे १९४९ चा कायदा झाला आणि १ जुलै १९४९ रोजी आजची संस्था अस्तित्वात आली. म्हणजे संविधान अंमलात येण्याच्याही सुमारे सात महिने आधी. असो.

आता आमची चूक सांगतो. लिंबायतेतील आमचा एक जुना विद्यार्थी मे २०२४ मध्ये मधल्या, म्हणजे इंटरमीजिएट परीक्षेच्या पहिल्या गटास बसला. वडील लूमवर कारागीर. निकाल लागला ११ जुलै २०२४ रोजी. आमच्या तरुणपणी मॅट्रिकच्या निकालाचे क्रमांक वर्तमानपत्रात छापून येत आणि एका अंकावर पाचजण वाकलेले असत. आता नोंदणी क्रमांक आणि आसन क्रमांक घातला की निकाल मोबाईलवर उमटतो. पण त्या घटकेस सारा देश एकाच दारावर थाप मारीत असल्यामुळे ते दार लवकर उघडत नाही. शेवटी उघडले. प्रगत हिशेबशास्त्र ६२, कायदा ४४, करविषय ४१. बेरीज १४७. खाली अनुत्तीर्ण.

मुलगा व त्याचे वडील तो मोबाईल घेऊन आमच्या घरी आले. वडिलांनी विचारले, "सर, किती कमी पडले?" आम्ही बेरीज पाहून सांगितले, "तीन गुण, भाऊ. पुन्हा तिन्ही पेपर द्यावे लागतील." आम्हांस तसेच वाटले होते. शाळेत नापास झालेला मुलगा सारी इयत्ता पुन्हा करतो, तोच नियम आम्ही येथेही लावला. वडील काही वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "सर, मग यंदा त्याला खात्यातच घालतो." सुरतेत लूमच्या कारखान्यालाही खातेच म्हणतात. मुलाने मान खाली घातली. सप्टेंबरच्या परीक्षेचा अर्ज भरण्याची मुदत निघून गेली, आणि आमच्या सांगण्याने एक संधी वाया गेली.

नोव्हेंबरात तो मुलगा कोणा हिशेबतपासनिसाकडे लूममालकाची कागदपत्रे पोचवावयास गेला. त्या गृहस्थांनी सहज चौकशी केली, गुण विचारले, आणि ते उडालेच. म्हणाले, "अरे, बासष्ट असलेला पेपर तुला पुन्हा द्यायचाच नाही!" मुलगा त्या रात्री धावत आमच्याकडे आला. आम्ही नियम काढून वाचले. तेच आता वाचकांपुढे ठेवतो.

गटात उत्तीर्ण व्हावयास दोन अटी आहेत. प्रत्येक पेपरात किमान ४० गुण हवेत, आणि गटाच्या एकूण गुणांत किमान ५० टक्के. २०२४ पासून लागू झालेल्या नव्या रचनेत इंटरमीजिएटचे व अंतिम परीक्षेचे दोन-दोन गट असून प्रत्येक गटात शंभर-शंभर गुणांचे तीन पेपर आहेत. म्हणजे ३०० पैकी १५० हवेत. आमच्या विद्यार्थ्याची पहिली अट पुरी झाली होती, दुसरी तीन गुणांनी हुकली. येथवर आमचे बरोबर होते. पुढचा नियम आम्हांस ठाऊक नव्हता. गटातील सर्व पेपर दिलेला विद्यार्थी नापास झाला, पण एखाद्या पेपरात त्यास ६० वा अधिक गुण मिळाले, तर त्या पेपरापुरती त्यास लगतच्या पुढील तीन परीक्षांत सूट मिळते. तो पेपर द्यावयाचा नाही, आणि त्याचे गुण मात्र बेरजेत धरले जातात. म्हणजे आमच्या विद्यार्थ्याच्या खात्यावर ६२ गुण जमा होते. उरलेल्या दोन पेपरांत प्रत्येकी किमान ४० आणि दोन्ही मिळून ८८ मिळाले की काम झाले. आम्ही त्यास ३०० गुणांचा डोंगर दाखविला. प्रत्यक्षात ती दोन पेपरांची टेकडी होती.

येथे एक सावधगिरी. लगतच्या तीन परीक्षा म्हणजे आपण दिलेल्या तीन नव्हेत, संस्थेने घेतलेल्या तीन. आपण घरी बसलो तरी संधी खर्ची पडते. पूर्वी या परीक्षा वर्षातून दोनदा होत, तेव्हा सूट दीड वर्ष पुरे. आता इंटरमीजिएट वर्षातून तीनदा होते, तेव्हा त्या तीन परीक्षा एका वर्षातच होऊन जातात. तीनदा परीक्षा झाल्याचा आनंद सर्वांनी केला, आणि तो योग्यच आहे. परंतु ही दुसरी बाजू आम्ही फारशा कोणाच्या तोंडून ऐकली नाही.

दोन्ही गट एकदम देणाऱ्यांसाठी आणखी एक तरतूद आहे. समजा, एका गटात १४० आणि दुसऱ्यात १६५ मिळाले. सुटा हिशेब केला तर पहिला गट गेला. पण सहाही पेपरांत किमान ४० गुण असतील आणि एकूण बेरीज ६०० पैकी ३०० वा अधिक असेल, तर विद्यार्थी दोन्ही गटांत उत्तीर्ण धरला जातो. येथे ३०५ होतात, म्हणजे पास. मात्र एकाही पेपरात ३९ आले की हा आधार सुटतो. म्हणून दोन्ही गट द्यावेत की एक, हा निर्णय केवळ धाडसाचा नसून बेरजेचाही आहे, हे मुलांनी अर्ज भरतानाच ध्यानी घ्यावे.

गुण चुकले आहेत असे वाटल्यास काय करावे? निकालानंतर ३० दिवसांच्या आत पडताळणीचा अर्ज करता येतो. पण पडताळणीत उत्तरे पुन्हा तपासली जात नाहीत. एखादे उत्तर गुण न देता राहिले काय, आणि बेरीज बरोबर आहे काय, एवढेच पाहतात. हे नीट न समजल्यामुळे पुष्कळ घरे त्या अर्जावर आशा लावून बसतात आणि पुढच्या अभ्यासाचे दिवस घालवतात. स्वतःची उत्तरपत्रिका पाहण्याचा हक्क परीक्षार्थीस आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने २०११ साली माहितीच्या अधिकाराखाली ठरविले. संस्थेकडून प्रमाणित प्रत मागविता येते. ती अवश्य मागवावी, भांडण्यासाठी नव्हे, तर आपण कोठे लिहून थांबलो हे दिसावे म्हणून. आमच्या मराठी शाळांतून गेलेल्या मुलांस हे अधिक लागू आहे. कारण या परीक्षेत उत्तरे इंग्रजीत किंवा हिंदीत लिहिता येतात, मराठीत वा गुजरातीत नाही. ठाऊक असलेली गोष्ट भाषेपायी कागदावर उतरली नाही, असे त्या प्रतीत पुष्कळदा आढळते.

अंतिम परीक्षा उत्तीर्ण झालेल्यांच्या घरीही एक गैरसमज असतो. त्या संध्याकाळीच दारावर पाटी रंगविण्याचे बेत होतात. निकालाने मनुष्य पात्र होतो. संस्थेचा सभासद झाल्यावाचून त्यास ती अक्षरे नावापुढे लावता येत नाहीत, आणि स्वतंत्र धंदा करावयाचा तर त्याचा वेगळा दाखला घ्यावा लागतो. पेढे वाटावे, पाटी जरा थांबवावी.

पेढ्यांवरून आठवले. डिसेंबर २०२१ च्या अंतिम परीक्षेत नव्या अभ्यासक्रमात सुरतेचीच एक मुलगी ८०० पैकी ६४० गुण मिळवून देशात पहिली आली, तेव्हा साऱ्या शहरास अभिमान वाटला. जुलै २०२४ मध्ये डोंबिवलीच्या रस्त्यावर भाजी विकणाऱ्या एका आईस तिच्या मुलाने आपण सी. ए. झालो असे सांगितले आणि तिने त्यास मिठी मारली, ते चित्र तर घरोघर पोचले. आम्हीही ते वर्गात दाखविले. पण त्याच निकालाचे दुसरे आकडे पाहा. अंतिम परीक्षेचे दोन्ही गट मिळून ३५,८१९ जण बसले आणि ७,१२२ पास झाले, म्हणजे शंभरात वीससुद्धा नाहीत. पहिला गट देणाऱ्यांत २७.३५ टक्के, दुसरा देणाऱ्यांत ३६.३५ टक्के. या परीक्षेत एखाद्या वेळी नापास होणे ही नेहमीची गोष्ट आहे, आणि आपल्या मोहल्ल्यांत ती लपविण्याची गोष्ट होऊन बसली आहे. मुलगा निकालाच्या दिवशी उशिरापर्यंत घरी येत नाही, शेजारी दारात उभे राहून विचारतात, बाप चार माणसांत बोलतो. पालकांस आमची विनंती आहे की, त्या रात्री मुलास एकटे ठेवू नये आणि काही ठरवूही नये. कागद बाजूला ठेवावा, जेवावे, निजावे, आणि दुसऱ्या दिवशी जाणत्यास दाखवावा. जाणता म्हणजे शाळामास्तर असतोच असे नाही. हे आम्ही पुरेसे सांगितले आहे.

आमचा विद्यार्थी जानेवारी २०२५ मध्ये उरलेले दोन पेपर देण्यास बसला. दिवसा खात्यात बसून लूमचे हिशेब लिहावयाचे, रात्री अभ्यास करावयाचा. त्याच्या वडिलांकडे जाऊन आम्ही आमची चूक कबूल केली होती. ते म्हणाले, "सर, तुम्ही मुद्दाम थोडेच सांगितले?" त्यांनी रागावून घेतले असते तर आम्हांस बरे वाटले असते.

निकाल ४ मार्च २०२५ रोजी लागला. रमजान नुकताच सुरू झाला होता, आमचा तिसरा रोजा होता. इफ्तारीच्या थोडे आधी बापलेक दोघेही आले. या वेळी मुलाने निकाल कागदावर छापून आणला होता, आणि तो आमच्या हाती न देता वडिलांच्या हाती दिला. त्यांनी बोट ठेवून एक एक आकडा मोठ्याने वाचला : ६२, ५१, ४६. मग आमच्याकडून पेन मागून घेतले आणि कागदाच्या कडेला स्वतः बेरीज मांडली. १५९. खाली छापलेल्या आकड्याशी ती ताडून पाहिली, आणि मगच कागद आमच्यापुढे केला.

अजान होईपर्यंत सारे बसून राहिले. खजूर खाता खाता आम्ही मुलास दुसऱ्या गटाच्या अर्जाची शेवटची तारीख विचारली. ती त्याने हाताच्या तळव्यावर लिहून आणली होती.