सायकल शरीराच्या मापाची

सायकल घ्यावयाची म्हटली की दुकानात प्रथम पाहिली जाते ती माणसाची उंची. उंच माणसाला २४ इंची फ्रेम, बेताच्या उंचीच्या माणसाला २२ इंची, असा आपल्याकडील काळ्या, दणकट सायकलींचा वर्षानुवर्षांचा हिशेब आहे. पुष्कळांना तो चालून जातो. परंतु ज्यांचे पाय धडाच्या मानाने आखूड किंवा लांब असतात, त्यांचे गुडघे दुखू लागतात, मनगटांना मुंग्या येतात आणि काही दिवसांनी सायकल भिंतीला टेकून राहते. दोष मात्र शरीराला दिला जातो! राज्याच्या मानव विकास कार्यक्रमातून गरजू विद्यार्थिनींना सायकली मिळतात. त्या वयात पाय झपाट्याने वाढतात आणि सायकल सुटली की शाळेची वाट लांबते, म्हणून हा प्रश्न किरकोळ मानता येणार नाही.

सीटची उंची ठरवावयाची ती पायांच्या लांबीवरून. अनवाणी, भिंतीला पाठ लावून उभे राहावे. दोन्ही मांड्यांमध्ये एक पुस्तक वर घट्ट दाबून धरावे आणि त्याच्या वरच्या कडेपासून जमिनीपर्यंतचे अंतर मोजावे. हॅम्ले व थॉमस या संशोधकांनी १९६७ साली असे दाखविले, की खाली असलेल्या पायडलच्या आसापासून सीटच्या माथ्यापर्यंतचे अंतर या मापाच्या १०९ टक्के ठेवल्यास थोड्या वेळात अधिक जोर लावता येतो. समजा, दोघांचीही उंची १६५ सेंटिमीटर आहे. पण एकाच्या पायाचे माप ८० आणि दुसऱ्याचे ७२. पहिल्याचे अंतर ८७ सेंटिमीटर येईल, दुसऱ्याचे ७८! रोजच्या रपेटीला सीट याहून किंचित खाली असलेली बरी. पायडल तळाशी असता गुडघा २५ ते ३५ अंश वाकलेला असावा.

टेप जवळ नसेल तर टाच पायडलवर ठेवून पाहावे. पायडल तळाशी असताना पाय सरळ झाला, की चवड्याने चालविताना गुडघा योग्य तेवढा वाकतो. गुडघ्याची पुढची बाजू दुखत असेल तर सीट बहुधा खाली असते. मागची शीर ताणली जात असेल किंवा कंबर डावी-उजवी डोलत असेल, तर ती फार वर आहे असे समजावे. दोन्ही तळवे जमिनीला टेकावेत म्हणून सीट अगदी खाली ठेवण्याची पद्धत शिकताना ठीक आहे, नंतर ती गुडघ्यांच्या मुळावर येते.

लांब पाय व आखूड धड असलेल्यांची अडचण निराळी असते. सीट वर गेली की हँडल खाली आणि दूर राहते, शरीराचा भार मनगटांवर पडतो. अशा वेळी हँडल वर घ्यावे, किंवा मुठी मागे वळलेले हँडल बसवून घ्यावे. सळईचे ब्रेक असतील तर हँडल उचलल्यावर तेही पुन्हा जुळवावे लागतात. सीटची नळी निदान अडीच इंच तरी फ्रेमच्या आत राहिली पाहिजे, अन्यथा ती वाकते. आखूड पायांच्या व्यक्तीने आडव्या दांड्याची सायकल घेतली, तर दोन्ही पाय टेकून उभे राहिल्यावर दांडा अंगाला लागत नाही ना, हे पाहावे. लागत असेल तर खाली वळलेल्या दांड्याची फ्रेम घ्यावी.

एकच सायकल वडील व मुलगी वापरीत असतील, तर सीटच्या नळीवर रंगाच्या दोन रेघा ओढाव्यात आणि पाना सायकलीच्या पिशवीतच ठेवावा.