मुलाचे पाय पाळण्यात

प्रस्तावना

‘मुलाचे पाय पाळण्यात दिसतात’ ही म्हण आपण ऐकली असेल. पुढे नाव काढणाऱ्या मुलाची चुणूक लहानपणीच दिसते, असा तिचा अर्थ. पण पाळण्याकडे लक्ष देण्याचे आणखी एक कारण आहे. मूल मान धरते का, आवाजाकडे वळते का, आईच्या नजरेला नजर देते का, हेही तेथेच कळते. वाढीतील अडचण लवकर ओळखून मुलाला व कुटुंबाला ताबडतोब साहाय्य देणे, यास ‘शीघ्र हस्तक्षेप’ म्हणतात. आपल्यापैकी अनेकजण स्वतः पालक आहेत. त्यांना हा पाठ विशेष उपयोगी पडेल.

उद्दिष्टे

हा पाठ अभ्यासल्यानंतर आपल्याला
• शीघ्र हस्तक्षेपाचे महत्त्व सांगता येईल;
• वाढीतील धोक्याच्या खुणा ओळखता येतील;
• दिल्लीतील काही संस्थांच्या कार्याचा व कायद्यातील तरतुदींचा परिचय करून देता येईल.

मूळ पाठ

१. पहिल्या सहा वर्षांचे मोल

मेंदूची बहुतांश वाढ वयाच्या सहा वर्षांपूर्वीच होते. ही वाढ अनुभवावर पोसली जाते. ज्या कानांवर शब्द पडत नाहीत, त्या मुलाच्या मेंदूतील भाषेची वाट वापराअभावी बुजू लागते.

कर्णबधिर बाळाचे उदाहरण पाहू. पहिले काही महिने तेही इतर बाळांप्रमाणे हुंकार देते. घरच्यांना शंका येत नाही. पुढे इतर मुलांची बडबड वाढत जाते आणि याची कमी होते. आजी थाळी वाजवून पाहते. मूल दचकते आणि सर्वांचा जीव भांड्यात पडतो. परंतु थाळीचा दणका ऐकू येणाऱ्या मुलाला बोलणे स्पष्ट ऐकू येतेच असे नाही. ‘याचे वडीलही उशिराच बोलले,’ असे म्हणत दोन-तीन वर्षे निघून जातात. म्हणूनच तज्ज्ञ सांगतात की, पहिल्या महिन्यात श्रवणचाचणी, तिसऱ्या महिन्यापर्यंत निदान आणि सहाव्या महिन्यापर्यंत उपाय सुरू व्हावेत. श्रवणयंत्र असो वा खुणांची भाषा, मुलाला भाषा वेळेवर मिळणे महत्त्वाचे.

मेंदूचा पक्षाघात झालेल्या बाळाचे हातपाय ताठ राहतात. व्यायाम व योग्य बैठक लवकर मिळाली नाही, तर स्नायू आखडत जातात. मूळ दोष तोच राहतो. परावलंबन मात्र वाढते. शीघ्र हस्तक्षेपाने प्रत्येक अपंगत्व नाहीसे होते असे नव्हे. त्याने मुलाच्या क्षमतेला वाव मिळतो, आणि हे थोडके नव्हे.

२. दिल्लीतील प्रयत्न

डॉ. उमा तुली यांनी १९८१ साली ‘अमर ज्योती’ या संस्थेची स्थापना केली. पूर्व दिल्लीतील कडकडडूमा येथील तिच्या शाळेत अपंग व इतर मुले समसमान संख्येने एकत्र शिकतात.

स्वमग्न मुलाची माता असलेल्या मेरी बारुआ यांनी १९९१ साली ‘अ‍ॅक्शन फॉर ऑटिझम’चे कार्य सुरू केले. त्या काळी स्वमग्नता हा शब्दही फारसा परिचित नव्हता. या संस्थेच्या एका उपक्रमात पालक आणि मूल एकत्र प्रशिक्षण घेतात. यामागील विचार मोलाचा आहे. तज्ज्ञ मुलाला आठवड्यातून काही तासच भेटणार. उरलेला सारा वेळ मूल घरीच असते. जेवताना, अंघोळीच्या वेळी, कपडे घालताना शिकवण्याच्या असंख्य संधी पालकांनाच मिळतात.

३. कायदा आणि केंद्रे

१९९५ च्या अपंग व्यक्ती कायद्यात स्वमग्नतेचा उल्लेख नव्हता. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्यात तो आला. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याने २१ प्रकारच्या दिव्यांगत्वांना मान्यता दिली आणि धोक्याची लक्षणे असलेली मुले ओळखण्यासाठी वर्षातून किमान एकदा सर्व मुलांची तपासणी करण्याची तरतूद केली.

याच कायद्यानुसार, ४० टक्के वा अधिक दिव्यांगत्व असलेल्या मुलाला ६ ते १८ वर्षे वयापर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क आहे. मात्र येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. शाळेचे दार सहाव्या वर्षी उघडते. मेंदूची बहुतांश वाढ त्यापूर्वीच झालेली असते. ही पोकळी आरोग्यसेवेने व अंगणवाडीने भरून काढावयाची आहे. २०१३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात जन्मापासून १८ वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी होते आणि गरजू मुलांना जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे पाठवले जाते. जून २०२१ मध्ये केंद्र शासनाने सर्व प्रकारच्या दिव्यांगत्वांसाठी एकत्रित अशी १४ केंद्रे सुरू केली. दिल्ली व मुंबई येथील केंद्रे त्यांपैकीच होत.

४. आपण काय पाहावे?

• चार महिन्यांनंतरही मान न धरणे;
• नऊ महिन्यांनंतरही आधाराशिवाय न बसणे;
• वर्षाचे होऊनही नावाने हाक मारता न वळणे;
• दीड वर्षानंतरही न चालणे;
• येत असलेले शब्द वा कौशल्ये हरवणे.

यांपैकी एखादी खूण दिसली म्हणजे मूल अपंगच आहे, असे नव्हे. परंतु ‘वाट पाहू’ असे न म्हणता डॉक्टरांना दाखवावे. तपासणीत काही निघाले नाही तर एक दिवस खर्ची पडेल. तपासणीच केली नाही तर मुलाची वर्षे खर्ची पडतील.

शब्दार्थ

चुणूक – गुणाची झलक. कर्णबधिर – ऐकू न येणारा. परावलंबन – दुसऱ्यावर विसंबून राहणे. न्यास – विश्वस्त संस्था.

पाठगत प्रश्न

१. श्रवणदोषावरील उपाय कितव्या महिन्यापर्यंत सुरू व्हावेत?
२. ‘जीव भांड्यात पडणे’ या वाक्प्रचाराचा अर्थ सांगा.

स्वाध्याय

१. ‘पालक हेच मुलाचे पहिले शिक्षक’ हे विधान पाठाच्या आधारे स्पष्ट करा.
२. ‘शाळेचे दार सहाव्या वर्षी उघडते’ या वाक्यातून लेखकाला कोणती उणीव सुचवावयाची आहे?
३. आपल्या परिसरातील अंगणवाडीला भेट द्या. तेथे मुलांची तपासणी केव्हा व कशी होते, याची माहिती दहा ओळींत लिहा.

पाठगत प्रश्नांची उत्तरे

१. सहाव्या महिन्यापर्यंत. २. काळजी दूर होऊन हायसे वाटणे.